मृदा हायड्रोमीटर १५२ एच : उपकरण चांगले, पण दोन तासांची नोंद सोडा

मातीचे यांत्रिक पृथक्करण करण्यासाठी, म्हणजे तिच्यात वाळू किती, गाळ किती आणि चिकणमाती किती हे मोजण्यासाठी, आज बरीच साधने मिळतात. त्यांपैकी काही पूर्ण स्वयंचलित आहेत, तर काहींना एक बरणी आणि स्वच्छ पाणी एवढेच लागते. या दोन टोकांच्या मध्ये काचेचे एक साधे तरंगणारे उपकरण अनेक दशके टिकून आहे आणि ते म्हणजे '१५२ एच' या क्रमांकाने ओळखला जाणारा मृदा हायड्रोमीटर. माती तपासणीच्या कामात हे उपकरण मी नेहमी वापरतो आणि त्याच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. लहान आणि मध्यम प्रयोगशाळेसाठी याहून योग्य साधन नाही. मात्र त्याच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दोन तासांची नोंद, म्हणजे माती पाण्यात ढवळल्यावर दोन तासांनी आकडा वाचण्याची प्रथा, बंद केली पाहिजे, कारण ती चिकणमातीचे प्रमाण वाढवून सांगते. हे परीक्षण मुख्यतः या दुसऱ्या मुद्द्यासाठी लिहीत आहे, कारण उपकरण विकत घेणाऱ्याला तो सहसा कोणी सांगत नाही.

प्रथम उपकरणाविषयी. हायड्रोमीटर म्हणजे खाली फुगीर पोकळ भाग, त्याच्या तळाशी वजन आणि वर बारीक लांब दांडी अशी काचेची बंद नळी असते. दांडीच्या आत कागदाची पट्टी असते आणि तिच्यावर उणे ५ पासून ६० पर्यंत आकडे छापलेले असतात. हे आकडे एक लिटर पाण्यात किती ग्रॅम माती तरंगत आहे ते थेट दाखवतात. १५१ एच नावाचे याचे भावंडही बाजारात मिळते, पण त्याची पट्टी विशिष्ट गुरुत्व दाखवते, त्यामुळे प्रत्येक नोंदीनंतर वेगळे गणित करावे लागते. ज्यांना केवळ मातीचा पोत, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे प्रमाण, पाहायचा आहे त्यांनी १५२ एच घ्यावा. दोन्ही दिसायला इतके सारखे असतात की मागणी नोंदवताना क्रमांक स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरते.

हाताळताना जाणवणारा पहिला गुण म्हणजे त्याचा साधेपणा. त्यात बॅटरी नाही, संगणक नाही, सुटे होणारे भाग नाहीत. पहिला दोषही लगेच लक्षात येतो, तो म्हणजे काच अतिशय नाजूक आहे. ओल्या हाताने दांडी धरून, माती मिसळलेले पाणी भरलेल्या सिलिंडरमधून बाहेर काढताना फुगीर भाग सिलिंडरच्या काठावर आपटला तर तो तडकतो. दांडीतली कागदी पट्टी कालांतराने सैल होऊन किंचित खाली सरकू शकते आणि हा दोष जास्त घातक आहे, कारण फुटलेला हायड्रोमीटर दिसतो, तर सरकलेली पट्टी दिसत नाही. म्हणून नवीन उपकरण हाती आल्यावर, आणि त्यानंतरही अधूनमधून, ते २० अंश सेल्सिअस तापमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्यात सोडून शून्य दाखवते की नाही हे पाहावे. शून्यापासून किंचित ढळलेले उपकरण टाकून देण्याची गरज नसते, तो फरक लिहून ठेवून वजा करता येतो. पण प्रत्येक वेळी वेगळा आकडा येत असेल तर पट्टी हलत आहे असे समजावे आणि ते उपकरण वापरातून काढावे.

या उपकरणाचे तत्त्व समजून घेतल्याशिवाय त्याच्या मर्यादा कळत नाहीत. पाण्यात सोडलेला कण किती वेगाने खाली जाईल हे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमाने ठरते. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे व्यास दहापट असलेला कण शंभरपट वेगाने तळाशी जातो. या एकाच गोष्टीमुळे माती आपोआप वेगळी होत जाते. वाळू सेकंदांत बसते, गाळाला मिनिटे आणि तास लागतात, तर चिकणमाती दिवसभर पाण्यात राहते. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या वर्गवारीनुसार २ ते ०.०५ मिलिमीटर व्यासाचे कण म्हणजे वाळू, ०.०५ ते ०.००२ मिलिमीटरचे कण म्हणजे गाळ आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. २० अंश तापमानाच्या पाण्यात ०.०५ मिलिमीटरचा कण १० सेंटिमीटर अंतर साधारण ४५ सेकंदांत उतरतो, तर ०.००२ मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे पावणेआठ तास लागतात. हे दोन आकडे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे आपोआप उलगडते.

मातीच्या कामात हायड्रोमीटर आणण्याचे श्रेय जॉर्ज बुयुकोस यांच्याकडे जाते. त्यांनी ही पद्धत १९२७ मध्ये मांडली आणि नंतर सुधारत नेली; त्यांची १९६२ ची सुधारित आवृत्ती आजही अनेक प्रयोगशाळांच्या कार्यपुस्तिकांत जशीच्या तशी आढळते. तिच्यात दोनच नोंदी आहेत. निलंबन, म्हणजे माती मिसळलेले पाणी, नीट ढवळून थांबल्यानंतर ४० सेकंदांनी पहिली नोंद आणि दोन तासांनी दुसरी. पहिल्या नोंदीतून गाळ आणि चिकणमाती मिळून किती हे कळते, दुसऱ्या नोंदीतून केवळ चिकणमाती आणि उरलेला भाग वाळू, असा तिचा हिशोब आहे. तो इतका सुटसुटीत आहे की नमुन्यांची रांग लागलेल्या ठिकाणी त्याचा मोह सहज पडतो.

४० सेकंदांची नोंद खरोखर चांगली आहे. हायड्रोमीटर निलंबनाची घनता एका बिंदूवर मोजत नाही, तर आपल्या फुगीर भागाच्या आसपासच्या थराची सरासरी मोजतो. या थराची परिणामकारक खोली १५२ एच साठी साधारणपणे १६.३ मधून नोंदीच्या ०.१६४ पट वजा करून सेंटिमीटरमध्ये मिळते. नोंद ३० असेल तर खोली ११.४ सेंटिमीटर येते. २० अंश तापमानाला ४० सेकंदांत एवढ्या खोलीपर्यंत पोहोचणाऱ्या कणाचा व्यास स्टोक्सच्या नियमाने ०.०५६ मिलिमीटर निघतो, म्हणजे वाळू आणि गाळ यांच्या सीमेच्या अगदी जवळ. येथे तक्रारीला फारशी जागा नाही.

आता हेच गणित दोन तासांच्या नोंदीला लावून पाहू. नोंद १० ते १७ च्या दरम्यान असेल तर खोली साडेतेरा ते पावणेपंधरा सेंटिमीटर येते आणि दोन तासांत तेवढे अंतर उतरणाऱ्या कणाचा व्यास २० अंश तापमानाला साडेचार ते पाच मायक्रोमीटर निघतो. चिकणमातीची सीमा मात्र २ मायक्रोमीटर, म्हणजे ०.००२ मिलिमीटर आहे. म्हणजे दोन तासांनी हायड्रोमीटर जे मोजतो त्यात चिकणमाती तर असतेच, शिवाय २ ते ५ मायक्रोमीटरचा बारीक गाळही असतो, आणि तो सगळा आपण चिकणमातीच्या खात्यात लिहितो. यात उपकरणाचा काहीच दोष नाही. त्याच्यापुढे जे निलंबन आहे त्याची घनता ते प्रामाणिकपणे सांगते. चूक वेळ निवडणाऱ्याची आहे.

हा फरक कागदावर किती मोठा पडतो ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा, भट्टीत वाळवलेली ४० ग्रॅम माती घेतली आणि केवळ पाणी व कण सुटे करणारे रसायन असलेल्या कोऱ्या सिलिंडरची नोंद ५ आली. नमुन्याची ४० सेकंदांची नोंद ३१ असेल, तर ३१ मधून ५ वजा जाता २६ ग्रॅम, म्हणजे ६५ टक्के गाळ आणि चिकणमाती, अर्थात ३५ टक्के वाळू. दोन तासांची नोंद १७ आली, तर १२ ग्रॅम, म्हणजे ३० टक्के चिकणमाती. पोताच्या त्रिकोणात, म्हणजे तिन्ही टक्क्यांवरून मातीचा वर्ग ठरवणाऱ्या आकृतीत, ही माती 'चिकण पोयटा' या वर्गात बसते. आता त्याच सिलिंडरमध्ये दीड तासाला १७.५ आणि २४ तासांनी १४ अशा नोंदी घेतल्या, तर अनुक्रमे ३१.२५ आणि २२.५ टक्के हे प्रमाण मिळते. दीड तासाची नोंद सव्वापाच मायक्रोमीटरच्या आसपासची, तर २४ तासांची नोंद १.३ मायक्रोमीटरच्या आसपासची असते. व्यासाच्या लघुगणकावर या दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा धरून २ मायक्रोमीटरपाशी वाचले की उत्तर २५ टक्के येते. वाळू ३५, गाळ ४०, चिकणमाती २५ म्हणजे साधा 'पोयटा'. एकच माती, एकच सिलिंडर, एकच उपकरण, आणि केवळ वेळ बदलल्याने मातीचा वर्ग बदलला. पाणी धरून ठेवण्याच्या क्षमतेचा अंदाज, निचऱ्याचा आराखडा, खताची किंवा चुन्याची मात्रा असे पुढचे निर्णय याच वर्गावरून घेतले जातात, त्यामुळे या पाच टक्क्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

जी. डब्ल्यू. गी आणि जे. डब्ल्यू. बॉडर यांनी १९७९ मध्ये हा प्रश्न नीट मांडला आणि ३० सेकंद, ६० सेकंद, दीड तास व २४ तास अशा चार नोंदींची सोपी पद्धत सुचवली. मी तीच वापरण्याचा आग्रह धरतो. तिच्यामुळे काम एका दिवसाने लांबते, हे खरे आहे. परंतु त्या दिवसात प्रत्यक्ष माणसाचा वेळ फार जात नाही, सिलिंडर तेवढे अडकून राहतात. म्हणून हायड्रोमीटर एक घेतला तरी चालेल, पण सिलिंडर जास्त घ्यावेत. खरेदीच्या यादीत लोक नेमके याच्या उलट करतात.

नोंद घेण्याच्या कौशल्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पट्टीवरची एक रेघ म्हणजे एक ग्रॅम आणि ४० ग्रॅम मातीच्या हिशोबात एक ग्रॅम म्हणजे अडीच टक्के. दांड्याला छिद्रांची चकती बसवलेल्या ढवळणीने सिलिंडरमधील पाणी तळापासून वरपर्यंत हलवावे; सुरुवातीला तळाशी बसलेला थर जोर लावून उचलावा लागतो, नंतर हालचाल सावकाश आणि एकसारखी ठेवावी. ढवळणी बाहेर काढताच घड्याळ सुरू करावे. हायड्रोमीटर हलक्या हाताने आत सोडावा आणि तो आपल्या पातळीवर येईपर्यंत दांडीला बोटांचा आधार द्यावा, म्हणजे तो वरखाली डोलत राहत नाही. निलंबन गढूळ असल्याने पाण्याची खरी पातळी दिसत नाही, म्हणून दांडीला चिकटून वर चढलेल्या पाण्याच्या कडेवरच आकडा वाचावा आणि कोऱ्या सिलिंडरमध्येही त्याच जागी वाचावा. फेस आला असेल तर रेघ दिसत नाही; अशा वेळी अमाइल अल्कोहोलचे एक-दोन थेंब पुरतात. लवकरच्या नोंदी झाल्यावर हायड्रोमीटर बाहेर काढून धुऊन ठेवावा. तो तासन्‌तास आतच राहिला तर फुगीर भागाच्या खांद्यावर कण बसतात, त्याचे वजन वाढते आणि नोंद कमी येते.

तापमानाबाबत दोन समज प्रचलित आहेत आणि दोन्ही तपासून घेतले पाहिजेत. पट्टी २० अंशांसाठी आखलेली असते आणि त्याहून जास्त असलेल्या प्रत्येक अंशासाठी नोंदीत ०.३६ मिळवावे, कमी असल्यास वजा करावे, असा नियम कार्यपुस्तिकांत दिलेला असतो. हा नियम उपयोगी आहे. परंतु त्याच खोलीत, त्याच तापमानाला, तेवढेच रसायन घातलेले कोरे सिलिंडर ठेवले असेल आणि त्याची नोंद वजा केली जात असेल, तर तापमानामुळे पाण्याच्या घनतेत पडलेला फरक त्या वजाबाकीत आधीच आलेला असतो. त्यावर पुन्हा ०.३६ ची दुरुस्ती लावणे म्हणजे तीच दुरुस्ती दोनदा करणे होय. दुसरा समज असा की ही दुरुस्ती केली म्हणजे तापमानाचा प्रश्न मिटला. तो मिटत नाही, कारण तापमानाबरोबर पाण्याचा दाटपणा, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, हाही बदलतो आणि कण बसण्याचा वेग त्यावर अवलंबून असतो. २० अंशांना ज्या कणाला १० सेंटिमीटर उतरायला पावणेआठ तास लागतात, तोच कण ३० अंशांना ते अंतर सव्वासहा तासांच्या आत पार करतो. म्हणून तापमान प्रत्येक नोंदीसोबत लिहावे आणि व्यासाचे गणित त्या दिवशीच्या तापमानावर करावे. सिलिंडर खिडकीच्या उन्हापासून आणि पंख्याच्या झोतापासून दूर ठेवावेत. एका बाजूने तापलेल्या सिलिंडरमध्ये पाण्याचे प्रवाह सुरू होतात आणि मग कोणताही नियम लागू पडत नाही.

एवढे सगळे सांभाळूनही उत्तर चुकू शकते, आणि त्याचे कारण बहुधा हायड्रोमीटरच्या बाहेर, माती तयार करण्याच्या टप्प्यात असते. चिकणमातीचे कण निसर्गतः एकमेकांना चिकटलेले असतात. त्यांना बांधून ठेवणारे सेंद्रिय पदार्थ, चुनखडी, लोहाची संयुगे आणि विद्राव्य क्षार हे अडथळे दूर केले नाहीत, तर चिकणमातीच्या गुठळ्या गाळासारख्या किंवा वाळूसारख्या खाली बसतात आणि अहवालात माती आहे त्यापेक्षा हलकी दिसते. सेंद्रिय पदार्थ जास्त असल्यास हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया करावी. चुनखडी काढण्यासाठी सौम्य आम्ल वापरतात, पण चुनखडीचे स्वतःचे कणही त्या मातीचा भाग आहेत; ते काढायचे की ठेवायचे हे तपासणीच्या हेतूवर ठरवावे आणि जे केले ते अहवालात लिहावे. क्षारयुक्त आणि जिप्समयुक्त माती आधी धुऊन घ्यावी लागते. तसे न केल्यास सिलिंडरमधील वरचे पाणी काही वेळातच नितळ दिसू लागते आणि खाली मऊ, फुगलेल्या थराची स्पष्ट रेषा उमटते. असे दिसले की ती नोंद घेण्यात अर्थ नाही, नमुना पुन्हा तयार करावा.

कण सुटे करण्यासाठी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट वापरतात. लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात केलेले द्रावण १०० मिलिलिटर घेऊन त्यात माती रात्रभर भिजवावी आणि दुसऱ्या दिवशी विजेच्या मिक्सरने सुमारे पाच मिनिटे फिरवावी किंवा हलवणी यंत्रावर ठेवावी. हे द्रावण ठेवून ठेवून निकामी होते, कारण पाण्यात त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तुटत जातात. बाटलीवर तयार केल्याची तारीख असलीच पाहिजे. मिक्सरच्या बाबतीत एक सावधगिरी अशी की फार वेळ फिरवल्यास मऊ कण झिजून बारीक होतात, आणि वाळूमुळे मिक्सरचे पातेही झिजते. ज्या मातीत लोहाच्या संयुगांनी चिकणमातीचे कण घट्ट बांधून वाळूसारखे खडे बनवलेले असतात, तसेच ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या काही मातींत, नेहमीची प्रक्रिया अपुरी पडते. अशा मातीत यांत्रिक पृथक्करणाचा आकडा हा मातीचा गुण जितका सांगतो, तितकाच ती सुटी करण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचेही माप सांगतो, हे वाचकाने लक्षात घ्यावे.

वाळूचे प्रमाण वजाबाकीने काढण्याऐवजी चाळणीने मोजावे, ही माझी दुसरी ठाम शिफारस आहे. २४ तासांची नोंद झाल्यावर सिलिंडरमधील सगळे निलंबन ५३ मायक्रोमीटरच्या चाळणीवर ओतून नळाच्या बारीक धारेखाली धुवावे, वर राहिलेली वाळू १०५ अंशांना वाळवावी आणि वजन करावे. या कामाला फार वेळ लागत नाही आणि ४० सेकंदांच्या घाईतल्या नोंदीची परस्पर पडताळणी होते. शिवाय चाळणीवरची वाळू डोळ्यांना दिसते. भिंगाखाली तिच्यात स्वच्छ स्फटिक कण आहेत की न सुटलेल्या मातीचे गोळे आहेत हे लगेच कळते, आणि गोळे दिसले तर आधीच्या टप्प्यातील उणीव तिथल्या तिथे उघडी पडते. वाळूचे प्रमाण खूप असलेल्या मातीसाठी ४० ऐवजी १०० ग्रॅम माती घ्यावी. तसे केले की पट्टीवरची एक रेघ अडीच टक्क्यांऐवजी एक टक्क्याची होते.

इतर पद्धतींशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. अचूकतेच्या दृष्टीने आजही पिपेट पद्धत प्रमाण मानली जाते आणि ते योग्यच आहे. तिच्यात ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून, बहुधा १० सेंटिमीटरवरून, निलंबनाचा छोटा भाग पिपेटने काढून, वाळवून त्याचे वजन करतात. येथे खोली अंदाजाची नसते आणि वजन थेट मिळते. मात्र लिटरभर पाण्यात १० ग्रॅम माती असेल आणि तिच्यात २० टक्के चिकणमाती असेल, तर २५ मिलिलिटरच्या पिपेटमध्ये केवळ ५० मिलिग्रॅम चिकणमाती येते. म्हणून मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन करणारा तराजू, नेमकी खोली साधणारी मांडणी आणि हात न थरथरवता पिपेट भरणारा माणूस या तिन्ही गोष्टी लागतात, आणि रसायनाचे वजन वजा करायला विसरून चालत नाही. संशोधनासाठी किंवा हायड्रोमीटरच्या नोंदी पडताळण्यासाठी पिपेट अवश्य ठेवावी. रोजच्या मोठ्या कामाला ती झेपत नाही.

लेसर विवर्तनाचे यंत्र काही मिनिटांत कणांच्या आकारांच्या संपूर्ण वितरणाचा सुंदर आलेख देते आणि त्याला अगदी थोडी माती पुरते. ज्या ठिकाणी एकाच प्रकारच्या नमुन्यांची आपसांत तुलना करायची आहे, तेथे ते मला फार आवडते. पण त्याचा चिकणमातीचा आकडा जसाच्या तसा पोताच्या त्रिकोणात टाकू नये. चिकणमातीचे कण चपट्या पत्र्यांसारखे असतात. पाण्यात ते सावकाश उतरतात म्हणून बसण्यावर आधारलेल्या पद्धतीत ते बारीक ठरतात, तर लेसरला त्यांचा पसरट आकार दिसतो म्हणून तेथे ते मोठे ठरतात. कोनर्ट आणि वांडेनबर्ग यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की पिपेटने मोजलेली २ मायक्रोमीटरची सीमा त्यांच्या नमुन्यांत लेसरच्या ८ मायक्रोमीटरशी जुळते. हा आकडा प्रत्येक मातीला लागू करता येणार नाही, पण फरकाची दिशा त्यातून कळते. शिवाय लेसर घनफळाचे टक्के देतो, वजनाचे नाही. आणि नमुना जितका लहान तितका तो संपूर्ण मातीचा प्रतिनिधी असण्याची खात्री कमी, ही अडचण वाळूच्या बाबतीत फार जाणवते.

बरणीत माती हलवून थर मोजण्याची पद्धत शिकवण्यासाठी चांगली आहे. तिच्यात थराची जाडी मोजली जाते आणि चिकणमातीचा ताजा थर पाणी धरून फुगलेला असतो, त्यामुळे तिच्या टक्क्यांवर कोणताही निर्णय आधारू नये.

बोटांनी पोत ओळखण्याच्या पद्धतीविषयी मात्र मला मनापासून आदर आहे. ओली माती हातात मळून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून तिची पट्टी ढकलायची. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयट्याच्या बाजूची, अडीच ते पाच सेंटिमीटरपर्यंत टिकली तर चिकण पोयट्याची आणि त्याहून लांब गेली तर चिकणमातीच्या गटातली. मग तळहातावर थोडी माती भरपूर पाण्यात कालवून ती खरखरीत लागते की पिठासारखी मऊ लागते यावरून वाळू आणि गाळ यांचा अंदाज घ्यायचा. अनुभवी मृद्‌सर्वेक्षक शेताच्या बांधावर उभे राहून जो वर्ग सांगतात तो प्रयोगशाळेच्या उत्तराशी अनेकदा जुळतो. मात्र हा हात प्रयोगशाळेत मोजलेल्या ज्ञात नमुन्यांवर वरचेवर घासून घ्यावा लागतो. माझ्या मते प्रत्येक प्रयोगशाळेने हायड्रोमीटरवर नमुना चढवण्याआधी तो बोटांनी तपासून अंदाज वहीत लिहावा. यंत्राचे उत्तर आणि बोटांचे उत्तर दोन वर्गांनी वेगळे आले, तर नमुना पुन्हा करण्यास ते पुरेसे कारण आहे.

थोडक्यात कोणी काय घ्यावे, तर दिवसाला मोजके नमुने करणाऱ्या प्रयोगशाळेने, महाविद्यालयाने किंवा शेतकऱ्यांच्या गटाने १५२ एच हायड्रोमीटर निःशंकपणे घ्यावा. एक वापरायला आणि एक राखीव. त्यासोबत एक लिटरचे एकसारख्या उंचीचे सिलिंडर, ढवळणी, ५३ मायक्रोमीटरची चाळणी आणि विश्वासू थर्मामीटर घ्यावा. सिलिंडरच्या उंचीत आणि व्यासात फरक असेल तर परिणामकारक खोलीचे गणित बदलते, त्यामुळे वेगवेगळ्या संचातले सिलिंडर एकत्र करू नयेत. परिचित मातीचा एक मोठा, नीट मिसळलेला साठा स्वतःच्या प्रयोगशाळेत ठेवून प्रत्येक तुकडीसोबत त्याचा एक सिलिंडर लावावा. त्याचे उत्तर नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेले की त्या दिवशीची संपूर्ण तुकडी थांबवावी आणि आधी द्रावणाच्या बाटलीवरची तारीख पाहावी.

अहवालात तीन टक्के आणि वर्गाचे नाव एवढेच न लिहिता, कोणत्या सीमा धरल्या हेही लिहावे. वाळू आणि गाळ यांची सीमा काही ठिकाणी ०.०५, काही ठिकाणी ०.०६३ आणि आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ०.०२ मिलिमीटर धरली जाते, आणि ०.०२ ची सीमा धरून काढलेले टक्के ०.०५ साठी आखलेल्या त्रिकोणात टाकले तर माती आहे त्याहून वाळूमय ठरते. त्याखाली पूर्वप्रक्रिया कोणती केली, नोंदी किती वेळांनी घेतल्या आणि पाण्याचे तापमान किती होते, या तीन ओळी असाव्यात. ज्या अहवालात नोंदीची वेळ दोन तास अशी लिहिलेली आढळेल, त्यातील चिकणमातीचा आकडा ५ मायक्रोमीटरच्या आसपासची सीमा धरून वाचावा आणि माती वर्गाच्या काठावर असेल तर २४ तासांची नोंद मागून घ्यावी.